बाईंना विचारा : चाळणीवर राहिलेली मुलं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार एकाच विषयावरची निघाली : मुलांचं लक्ष आणि वागणं यांबद्दल शाळा भरून घेतात ते फॉर्म. म्हणून अंथरूण ओलं करणारा मुलगा आणि डाव्या हाताने लिहिणारी मुलगी यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. बडोद्यात एकतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आणि निवृत्तीनंतर समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम केला.

मांजलपूरहून एक आई लिहितात :

बाई, माझा मुलगा इंग्रजी माध्यमात पहिलीत आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेने पहिलीच्या सगळ्या मुलांचे फॉर्म वर्गाच्या टीचरकडून भरून घेतले. ऑगस्टमध्ये घरी बंद पाकीट आलं : ‘लक्ष देण्यात अडचण. तज्ज्ञांना दाखवावे.’ मी शाळेत जाऊन फॉर्मचे फोटो काढले, सोबत पाठवते आहे. नऊपैकी सात प्रश्नांना टीचरनी २ किंवा ३ दिलेत. आमचे हे म्हणतात, औषध लागणार असेल तर उशीर नको. सासरे म्हणतात, पाकीट फाडून टाका. मला वाटतं टीचरचीच चूक होते आहे. हाच मुलगा उत्तरायणाला काकाची फिरकी धरून अख्खा दिवस गच्चीवर उभा असतो आणि कार्टून लावलं तर दोन तास हलत नाही. मग लक्ष नाही असं कसं? जन्म २४ मेचा, यंदाच सहा पूर्ण झाली. घरी आम्ही मराठीच बोलतो.

उत्तर : फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक आया ‘टीचर असं म्हणाल्या’ एवढंच लिहितात आणि मग मला अंदाजपंचे उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या शाळेने वापरलेला फॉर्म वँडरबिल्ट नावाने ओळखला जातो. तो अमेरिकेत तयार झाला, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. शिक्षकांच्या प्रतीत ४३ प्रश्न असतात. पहिले नऊ लक्षाबद्दल, पुढचे नऊ चुळबुळ आणि उतावीळपणाबद्दल. प्रत्येकाला ० ते ३ : कधीच नाही, कधीतरी, बऱ्याचदा, सतत. नऊपैकी सहा प्रश्नांना २ किंवा ३ आले की तिथे थबकायचं. शाळेने थबकून पाकीट पाठवलं. पण फॉर्म तिथे संपत नाही. शेवटी आठ प्रश्न आहेत : वाचन, गणित, लेखन, मुलांशी जमणं, काम पुरं करणं वगैरे. त्यांना १ ते ५ गुण, आणि तिथे ३ म्हणजे साधारण. यातल्या निदान एका प्रश्नाला ४ किंवा ५, म्हणजे ‘अडतंय’ अशी खूण असेल, तरच पहिल्या नऊतल्या सहाला अर्थ. तुमच्या फोटोत दुसरं पान अर्धं कापलं गेलंय, पण खालचे आठ चौकोन दिसतात. आठही ठिकाणी ३ आहे.

म्हणजे टीचरनी एका हाताने लिहिलंय, मुलगा लक्ष देत नाही. दुसऱ्या हाताने लिहिलंय, त्याचं काही अडत नाही. फॉर्मच्याच नियमाने हे पाकीट निघायला नको होतं. कुणीतरी पहिलं पान मोजलं आणि दुसरं उलटलंच नाही. म्हणून तुमचा मुलगा ठणठणीत आहे असं मात्र मी म्हणत नाही. एवढ्या फॉर्मवरून ‘आहे’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही, इतकंच.

आता त्याच्या वाढदिवसाकडे येऊ. पत्रात तो तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलाय. मी तो सगळ्यात आधी वाचला. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीत जायला १ जूनला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. तुमचा मुलगा २४ मेचा, म्हणजे आठ दिवसांच्या फरकाने आत आला. त्याच्याच बाकावर आदल्या वर्षीच्या ३ जूनला जन्मलेला मुलगा बसत असेल, तर तो जवळजवळ वर्षाने मोठा. चाळिशीत एक वर्ष म्हणजे काही नाही. सहाव्या वर्षी ते आयुष्याचा सहावा हिस्सा असतं. माझ्या वर्गात जूनमध्ये दप्तराची चेन लावता न येणारी मुलं मे जवळ आला की दुसऱ्यांची लावून देत असत.

हा माझ्या एकटीचा अनुभव नव्हे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबर. तिथल्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. वर्गातली सगळ्यात लहान, डिसेंबरची मुलं, आणि सगळ्यात मोठी, जानेवारीची, अशी तुलना होती. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं, चुळबुळ आणि उतावीळपणा या दुखण्याचं, निदान डिसेंबरच्या मुलग्यांत ३० टक्के जास्त आणि मुलींत ७० टक्के जास्त निघालं. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत सीमारेषा १ सप्टेंबर आहे, तिथे २०१८ साली हेच दिसलं : ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दर दहा हजार मुलांत ८५ निदानं, सप्टेंबरच्या मुलांत ६४. मेंदूचा आजार तारीख बघून होत नाही. तुलना कुणाशी होते, त्यावर खूण बदलते. गंमत अशी की फॉर्मच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं, मुलाच्या वयाला काय शोभतं ते धरून गुण द्या. वयाला, इयत्तेला नव्हे. ती ओळ बारीक अक्षरात असते.

तिसरी गोष्ट भाषेची. घरी मराठी, खाली खेळायला गेला की गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि वर्गात इंग्रजी. ‘सांगितलेलं पुरं करत नाही’ या प्रश्नाला तुमच्या टीचरनी ३ दिलाय. टीचर म्हणाल्या, ‘अंडरलाइन करा आणि मग पान उलटा’. त्याला ‘पान उलटा’ कळलं, म्हणून त्याने तेवढंच केलं. हे लक्ष नसणं की शब्द नसणं? घरी तपासता येतं. लागोपाठच्या तीन सूचना एकदा मराठीत द्या, एकदा इंग्रजीत : निळी वही आण, दुसरं पान उघड, वर आपलं नाव लिही. मराठीत तिन्ही होतात आणि इंग्रजीत एकच, असं आठवडाभर दिसलं, तर टीचरना जरूर कळवा.

आता फिरकी आणि कार्टून. इथे मी तुमच्या बाजूची नाही. ज्या मुलांना खरोखर एडीएचडी असतो तीही कार्टूनपुढे तासन्‌तास बसतात. पडद्यावर दर दोन-चार सेकंदांनी चित्र बदलतं, लक्ष टिकवायचं काम पडदाच करतो. फिरकीचंही थोडंफार तसंच : वर पेच चाललाय, काका ‘ढील दे’ म्हणून ओरडतायत, कुणाचं लक्ष लागणार नाही? खरी परीक्षा कंटाळवाण्या कामाची असते. ताटं मांडणं, बूट जागेवर ठेवणं, शुद्धलेखनाच्या पाच ओळी. ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

शाळेवर मी फार चिडत नाही, त्याचं कारण सांगते. असा फॉर्म म्हणजे चाळणी आहे, चाचणी नाही. एक हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. शाळेत हजार मुलं, त्यांत शंभरात पाच म्हणजे ५० जणांना खरोखर त्रास आहे. चाळणी बरी आहे, पन्नासातले ४० ती धरते. उरलेल्या ९५० पैकी दर शंभरी पंधरा जणांना ती चुकून धरते; ते झाले साधारण १४२. एकूण पाकिटं १८२, त्यांत खरी ४०. म्हणजे पाचांतलं एक. आणि दहा मुलं खाली पडली, त्यांच्या घरी पाकीट गेलंच नाही. चाळणी वाईट होती असं नाही. दुखणं कमी आणि मुलं जास्त असली की हे असंच होतं. दुसऱ्यांदा चाळायची तयारी नसेल त्याने पहिल्यांदा चाळूच नये, असं माझं मत.

तुम्ही काय करायचं? पहिलं, हाच फॉर्म गुजरातीच्या किंवा पीटीच्या शिक्षकांकडून दिवाळीच्या सुटीनंतर भरून मागा आणि पालकांची प्रत तुम्ही दोघांनी वेगवेगळी बसून भरा. निदानासाठी लक्षणं निदान सहा महिने आणि किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत, दिसावी लागतात. तुमच्या टीचर जुलैत त्याला पाच आठवडे ओळखत होत्या. दुसरं, डोळे आणि कान तपासून घ्या, ते आधी. तो रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का? टॉन्सिल-ॲडेनॉइड वाढलेल्या मुलाची झोप मोडते आणि दिवसा ते पेंगत नाही, उलट पिसाळल्यासारखं करतं. बालरोगतज्ज्ञांना हे सांगा. हिमोग्लोबिनही ते बघतील. मग गरज वाटली तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे जायला लाजू नका.

यजमानांना सांगा, शाळेच्या पाकिटावर औषध सुरू होत नसतं. निदान पक्कं झालं आणि डॉक्टरांनी दिलं तर घाबरूही नका. सहा वर्षांपुढच्या मुलांना औषधाचा चांगला उपयोग होतो, भूक आणि झोप यांवर डोळा ठेवावा लागतो. सहाच्या आत मात्र आधी आईवडिलांनाच शिकवतात, मुलाशी वागायचं कसं ते. आणि सासऱ्यांना म्हणावं, पाकीट फाडू नका. त्यावर तारीख आहे, पुढे तुलनेला लागेल.

हरणी रोडहून एक काका :

पुतणीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी एका शाळेने बालवाटिकेच्या शिक्षिकेकडून ‘वर्तन-फॉर्म’ भरून मागितला आहे. द्यावा का?

उत्तर : नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलांची अशी चाळणी लावता येत नाही. पहिल्यांदा केलं तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. भांडायला जायच्या आधी शाळेला एवढंच लेखी विचारा : ‘हा फॉर्म प्रवेशाआधी हवा की नंतर?’ बहुतेकदा उत्तरात ‘नंतर’ येतं. नंतर, मुलीला मदत करायला म्हणून मागितला, तर आनंदाने द्या.

वाघोडिया रोडहून एक शिक्षिका :

बाई, मी तुमचीच विद्यार्थिनी, १९९८ च्या पहिलीची. आता मीच पहिलीला शिकवते. वर्गात ४८ मुलं. शुक्रवारी काउन्सेलरनी फॉर्मचा गठ्ठा हातात दिला, सोमवारी परत हवा होता. रविवारी रात्री एकपर्यंत भरत होते. शेवटच्या पंधरा-वीस मुलांना मी काय खुणा केल्या ते मला खरंच आठवत नाही. माझ्यामुळे कुणाच्या पोराला भलतंच लेबल लागलं तर?

उत्तर : अगं, ४८ गुणिले ४३ म्हणजे २०६४ खुणा. रविवारी रात्री दोन हजार खुणा करताना तुझ्याच लक्षाचा फॉर्म कुणी भरला असता, तर पाकीट तुझ्या घरी आलं असतं! तू कुठल्या बाकावर बसायचीस ते मला आठवत नाही, पण पत्रात चूक कबूल केलीस ते आवडलं. म्हणून मीही एक करते.

साल २००९. मलाही असेच फॉर्म आले होते. वर्गात एक मुलगा होता, उलट उत्तर देणारा. ‘बस’ म्हटलं की ‘का?’ विचारायचा. त्याचा फॉर्म मी मधल्या सुट्टीत भरला, त्याने माझ्यासमोर डस्टर फेकल्यानंतर दहा मिनिटांनी. सगळीकडे ३. लक्ष नाही : ३. वस्तू हरवतो : ३. आता आठवते तर त्या मुलाचं पेन्सिल-रबर कधी हरवलेलंच नव्हतं. दुसऱ्यांचं हरवलेलं शोधून देणारा तोच. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईंनी भरलेल्या फॉर्ममध्ये त्याला २ सुद्धा मोजकेच होते.

त्याच वर्गात खिडकीशी एक मुलगी बसायची. शांत. तिला मी सरसकट ० दिले, कारण तिने मला कधी त्रास दिला नाही. तिची वही माझ्या डोळ्यांपुढे आहे : प्रत्येक पानाची पहिली ओळ मोत्यासारखी, तिसरी ओळ डुगडुगती आणि पाचवीनंतर पान कोरं. रोज मी त्या पानावर सही केली. ती पाचवीत गेल्यावर तिच्या आईला कुणीतरी डॉक्टरकडे पाठवलं आणि तिथे कळलं की हा एडीएचडीच आहे, चुळबुळीशिवायचा. मुलींत तो असा असला की शिक्षकांच्या नजरेतून हमखास सुटतो.

आपला स्वभाव असा आहे, याला पुरावाही आहे. हॉवर्ड अबिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्राथमिक शिक्षकांना वर्गातल्या मुलांच्या चित्रफिती दाखवल्या. फितीतलं मूल नुसतं उद्धट वागत होतं, चंचल नव्हतं, तरी शिक्षकांनी त्याला चंचलपणाचे आणि लक्ष नसण्याचे गुण वाढवून दिले. उलटं झालं नाही : चंचल मुलाला कुणी उद्धट ठरवलं नाही. म्हणजे जो आपल्याला चिडवतो, त्याच्या सगळ्याच रकान्यांवर आपल्या रागाची शाई सांडते.

आता तुझं काम. गठ्ठा परत माग. काउन्सेलरना सांग, शेवटचे वीस मी पुन्हा भरणार आहे. नाही म्हणाले तर त्या वीस फॉर्मवर ‘घाईत भरला’ असं लिही आणि सही कर. हे लिहायला धैर्य लागतं, पण तू ‘का?’ विचारणाऱ्या मुलांना शिकवतेस. दिवसाला सहाच भर, शेवटच्या तासाला नको. फॉर्मवर एक रकाना असतो, या मुलाला किती आठवडे पाहिलंय. तो कुणीच भरत नाही. तू भर.

आणि ज्या मुलांबद्दल शंका असेल, त्यांच्यासाठी एक साधी युक्ती. पाच मिनिटं, दर पंधरा सेकंदांनी मान वर करून बघ : मूल कामात आहे की नाही. वहीत टिंब किंवा फुली. वीस खुणा होतील. लगेच पुढची पाच मिनिटं शेजारच्या मुलाकडे तसंच बघ. मुलगा असेल तर मुलगा, मुलगी असेल तर मुलगी, आणि जमलं तर साधारण त्याच महिन्यात जन्मलेलं. शंकेच्या मुलाच्या बारा फुल्या आणि शेजाऱ्याच्या अकरा निघाल्या, तर दुखणं मुलात नाही, त्या तासात आहे. (माझ्या परिसर अभ्यासाच्या तासाला एकदा तेरा आणि चौदा निघाल्या होत्या. तेव्हापासून मी पाठ बसून शिकवणं सोडलं.)

एक गोष्ट कोणत्याही रकान्यात बसत नाही, तिच्याकडेही बघ. बोलता बोलता मूल काही सेकंद गोठल्यासारखं होतं, हाक मारली तरी पापणी लवत नाही, आणि मग काहीच न झाल्यासारखं वाक्य पुढे चालू करतं. याला ‘तंद्री लागते’ म्हणून २ देऊ नकोस. ही फिट्‌सची एक जात असू शकते. त्याच दिवशी घरी फोन कर.

दांडिया बाजारातून एक आजोबा :

बाईंस स. न. वि. वि. आमच्या वेळी असले फॉर्म नव्हते. एक छडी होती आणि सगळ्यांचं लक्ष लागत असे. नातवाच्या शाळेतून असंच पाकीट आलं आहे. सरकार काही करतं की सगळं खासगीच?

उत्तर : आजोबा, सा. न. छडीने मूल गप्प बसतं. लक्ष लागलं की नाही, हे बघायची छडीला सोय नव्हती.

आपल्या वेळीही अशी मुलं होतीच, पण बरीचशी शाळेबाहेर गेलेली असत. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. सक्ती असली की न बसणारं मूलही बाकावर येतं; मग त्याला बसवायचं कसं, हा प्रश्न मास्तरांचा होतो. आणि महाराजांची सक्ती सुरू व्हायची ती सातव्या वर्षी, हे आपल्यासारख्या जुन्या बडोदेकराला मी सांगायला नको. सहाव्या वर्षी बसत नाही म्हणून तेव्हा कुणी घरी पाकीट पाठवत नव्हतं.

सरकारी सोय आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यात डोळे, कान, शिकण्यातल्या अडचणी आणि एडीएचडी हे सगळं येतं, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. नातू सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर पथक शाळेतच येतं. खासगी असेल तर शाळेकडून पत्र घेऊन सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

एक राहिलं. पत्रात आपण नातवाचे गुण लिहिलेत, शाळेची फी लिहिलीत, पाकिटातला मजकूर तर शब्दशः उतरवलात. जन्मतारीख मात्र लिहिली नाहीत. कार्डावर तेवढी कळवा.